पाचवा खिळा

"आ कर," सासूबाई म्हणाल्या आणि पुनमची हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडं वळवलं.

पुनम माझी नऊ वर्षांची लेक. तिनं मुकाट्यानं आ केला. सासूबाईंनी धुतलेला अंगठा तिच्या खालच्या हिरडीवरून कडेपर्यंत फिरवला, जरासा दाबला आणि उजेडात धरून पाहिला. रक्त नव्हतं. मग वरची हिरडी झाली, मग दाढा. मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचलेला नाही, असा निकाल लागला आणि पुनम पाय आपटत परत मोरीकडं गेली. तिच्यामागं रांगेत मी होते, माझ्यामागं माझा नवरा शिवहार आणि सगळ्यात शेवटी सासरे मसाजी. त्यांचं वय बासष्ट. मेंढरं सोडायची घाई, तरी डोक्याचं मुंडासं काढून आ करायच्या तयारीत उभे.

आमच्या घरात देवपूजा एखाद्या दिवशी राहून जाते, पण ही रांग चुकत नाही. सगळं साखरा गाव हसतं. "जनकाबाईच्या घरी सकाळी सकाळी मेंढरांचा बाजार भरतो," असं पारावर बोलतात. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात दात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली. अंगावरची हळद उतरली नव्हती, अशा दुसऱ्याच सकाळी बाईंनी मला अंगणात उभं केलं आणि म्हणाल्या, आ कर. डोंगरकडा गावात माझ्या वडिलांचं किराणा दुकान. बरणीतल्या गोळ्या खात मी लहानाची मोठी झाले. नव्या नवरीचं कौतुक होईल अशा समजुतीत मी आले होते आणि इथं माझा जबडा उघडून तपासणी चाललेली. गोठ्याआड जाऊन मी वडिलांना फोन केला आणि पोटभर रडून घेतलं. आठ दिवसांनी त्याच सासूनं मला एसटीत बसवून हिंगोलीला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. मागच्या दाढेला भोक पडलं होतं. माहेरी वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही ते हिला एका सकाळी दिसलं. तेव्हा भरलेली दाढ अजून शाबूत आहे, आणि फोनवर रडल्याची मला अजून लाज वाटते.

पुनमच्या वेळी पाचव्या महिन्यात माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शेजारणी म्हणाल्या, पोटुशीला असं होतंच, दात घासणं सोडून दे. सासूबाईंनी उलट सांगितलं. रक्त येतंय म्हणून तर घासायचं, पण हळू, आणि मऊ ब्रशनं. परत हिंगोली झाली. डॉक्टर शब्दाला शब्द तेच बोलले. येताना एसटीत बाई खिडकीशी अशा बसल्या होत्या की जणू त्यांचाच सत्कार झाला.

हे सगळं त्या मेंढरांकडून शिकल्या. मेंढीला पुढं वरच्या जबड्यात दात नसतात. खालचे आठ, तेवढ्यावर तिचा संसार. आठवडी बाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघतो. दोन दाताची, चार दाताची, आठही आलेली म्हणजे जुळलेली, त्यावर वय ठरतं. आणि दात गेले की पुढ्यात हिरवागार चारा असून मेंढी वाळत जाते. सासूबाईंनी हे मेंढीतही पाहिलं आणि आपल्या आईतही. त्यांची आई जिवनबाई पंचेचाळिसाव्या वर्षी बोळकी झाली होती. हुरड्याच्या दिवसांत सगळं घर शेकोटीभोवती बसायचं आणि ती माउली दाणे नुसती तोंडात घोळवून, चोखून टाकून द्यायची. आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं बाईंनी तेव्हाच ठरवलं.

म्हणून आमच्याकडं जेवण झालं की खळखळून चूळ. गुळाचा खडा जेवताना, मधेच नाही. रात्री ब्रश झाल्यावर पाण्याखेरीज काही नाही, मग दारात जावई येवो. नवा ब्रश पाडव्याला, नागपंचमीला आणि दिवाळीला. कपडे एखाद्या वर्षी नाही मिळाले तरी चालतील. शिवहारच्या खिशात एकोणिसाव्या वर्षी गुटख्याची पुडी सापडली तेव्हा बाई चार दिवस जेवल्या नव्हत्या. पुन्हा पुडी सापडली नाही. मोरीजवळच्या भिंतीवर चार खिळे आणि त्यांना चार ब्रश. ओळखू यावेत म्हणून सासऱ्यांच्या ब्रशला काळी लोकर बांधलेली, शिवहारच्या ब्रशला पांढरी, माझ्याला लाल नाडा, पुनमच्याला हळदीचा पिवळा दोरा.

पाचवा खिळा नव्हता. सासूबाई मशेरी लावायच्या.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वाड्यात, म्हणजे मेंढरं कोंडतात तिथं, भिंतीच्या कोनाड्यात एक पत्र्याची डबी असायची. घरात कुणी नसलं की त्या तव्यावर तंबाखू भाजायच्या, चुरून डबी भरायच्या. दुपारी शेजारच्या चंद्रभागाबाई यायच्या आणि दोघी बोटानं हिरड्यांना मशेरी घाशीत गप्पा मारायच्या. पुनमला त्या वेळी तिकडं जायची बंदी. मी एकदाच धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नाद वाईट आहे म्हणून तुम्हाला देत नाही, पण दाताच्या मुळाला औषध आहे ते. मग त्यांनी स्वतःची हिरडी दाबून अंगठा माझ्यापुढं धरला. रक्ताचा ठिपकाही नव्हता. "घरात सगळ्यात बराबर हिरडी माझी," असं त्या म्हणाल्या आणि मला ते पटलं. रक्त नाही म्हणजे हिरडी धड, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

गेल्या डिसेंबरात शाळेत दंततपासणीचं शिबिर होतं. भागवत गुरुजींनी घरटी निरोप दिला होता की लहानमोठे सगळे या. आमच्याकडं तर सणच उगवला. बाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि आम्हाला रांगेनं शाळेत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मनमोकळ्या. पुनमचं तोंड बघून त्यांनी मान वर केली, माझं बघून विचारलं की ही दाढ कुठं भरली, आणि सासऱ्यांचं बघून त्यांनी गुरुजींना हाक मारली. सकाळपासून गावात पन्नाशीपुढचा असा माणूस पाहिला नाही, एकूण एक दात जागेवर, हे कुणी केलं, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. सासऱ्यांनी मुंडाशातलं डोकं बायकोकडं वळवलं. वऱ्हांड्यात निम्मं गाव होतं. अकरा वर्षांत मला त्या घरची सून असल्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

"मग आजी, आता तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई खुर्चीवर ऐटीत बसल्या. सांगायच्या आधीच हिरडी दाबून अंगठा पुढं केला. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी ओठ खाली ओढला, बॅटरी धरली आणि बराच वेळ पाहिलं. पुढचा दात दोन बोटांत धरून हलवला तो हलला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. त्या हळू आवाजात बोलत होत्या, तेवढं भान त्यांनी राखलं.

"आजी, मशेरीनं हिरडीतल्या रक्ताच्या नसा आखडतात. म्हणून रक्त येत नाही आणि दुखतही नाही. आतून मात्र हाड झिजत राहतं. खालचे दोन दात काढावे लागतील. आणि ओठाच्या आत हा पांढरा डाग आहे. मशेरी आजच सुटली तर बहुतेक जाईल. नाही सुटली तर मी काहीच सांगू शकत नाही."

बाईंनी तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि उठल्या. घराकडं त्या आमच्या पुढं चालत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी रांग लागली नाही. उजाडायच्या आत त्या मेंढरांमागं निघून गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. पुनमला वाटलं सुट्टी मिळाली. ती नुसती चूळ भरून शाळेत गेली. चौथ्या दिवशी मी चूल पेटवताना पाहिलं तर सासरे तोंड धुऊन भिंतीशी उभे, मुंडासं हातात. जरा वेळ उभे राहिले, इकडंतिकडं पाहिलं आणि मुंडासं बांधून गेले. माझ्यानं ते बघवलं नाही. घरातली एक कर्ती बाई जिवंत असून घरात नव्हती.

पाचव्या दिवशी मी सासूबाईंच्या आधी उठले आणि दारातच उभी राहिले. उन्हाची पहिली तिरीप येईपर्यंत वाट सोडली नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आ करा."

"वाट सोड राधिका. मेंढरं खोळंबलीत."

"खोळंबू द्या. आ करा."

"काय बघतीस माझ्या तोंडात? घाण हाय तितं."

"माझी दाढ किडली होती तवा तुमी घाण म्हणल्या न्हाईत."

 त्या हळूच खाली ओट्यावर बसल्या, उन्हाकडं तोंड केलं आणि डोळे मिटून आ केला. मी हात धुतले होते. त्यांची हनुवटी धरली. अंगठा हिरडीवरून फिरवला. हिरडी खाली उतरलेली, काळपट. खालचे पुढचे दोन दात बोट लागताच हलत होते. ओठाच्या आत नखाएवढा पांढरा डाग. मी सगळं नीट पाहिलं, कडेपर्यंत, त्या पाहायच्या तसं.

"रक्त न्हाई," त्यांनी सवयीनं म्हटलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "रक्त न्हाई म्हणून तर फसले मी."

त्यांनी सांगितलं, "मायनं लावली मला. दाढ दुखून राहिली होती. तिला दुसरं औषध कुठं ठाऊक होतं? पुनमएवढी होते मी."

  मी त्यांचं तोंड पदरानं पुसलं तेव्हा मला रडू आलं आणि त्यांनी मला रागावलं.

हिंगोलीला जाऊन दोन दात काढले, हिरड्या साफ करून घेतल्या. डॉक्टरांनी मऊ ब्रश दिला. तो त्यांनी खिळ्याला लावला नाही, पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवला. दात घासून झाले की परत पेटीत. मी विचारलं काहून, तर म्हणाल्या, आधी सुटू दे, मग भिंतीवर.

सुटणं सोपं नव्हतं. पंधरा दिवस डोकं ठणकत होतं. भाजीत मीठ जास्त म्हणून मला बोलल्या, कमी म्हणून बोलल्या, आणि एकदा मेंढीलाही बोलल्या. सासरे शहाणे, ते दिवसभर रानात असायचे. दुपारची वेळ झाली की त्या वाड्याकडं निघायच्या आणि अर्ध्या वाटेवरून लवंग चघळत परत यायच्या. डबी कोनाड्यातच होती. मी टाकून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. ती समोर असून हात लागला नाही तर खरं, हा त्यांचा हिशेब.

अशाच एका दुपारी चंद्रभागाबाई आल्या. शिबिरापासून बाई वाड्यात भेटत नव्हत्या म्हणून घरीच आल्या आणि चिमूटभर मागू लागल्या. त्यांची डबी संपली होती.

सासूबाई उठल्या, अंगणात उन्हात येऊन उभ्या राहिल्या. बाजारात मेंढीचं तोंड उघडून दाखवतात तसा अंगठ्यानं आपला खालचा ओठ ओढला. दोन दातांची रिकामी जागा दिसली आणि आतला डागही.

"आधी हे बघ चंद्रभागे, मंग माग."

तीस वर्षं लोकांची तोंडं बघणारी बाई आपलं तोंड उघडून भर दुपारी उभी होती. मान खाली नव्हती. चंद्रभागाबाईंनी पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि काही न मागता गेल्या. चारच दिवसांनी त्यांनी मला बोअरवर गाठून हळूच विचारलं, हिंगोलीची सकाळची गाडी किती वाजता असते म्हणून.

फेब्रुवारीत आम्ही दाखवायला गेलो. डॉक्टरांनी ओठ उलटून पाहिला, जुन्या टिपणाशी ताडून पाहिला. डाग गेल्यात जमा होता. दर तीन महिन्यांनी येत जा, म्हणाले. बाईंनी विचारलं की राहिलेल्या दातांचं काय. जपाल तर तुम्हाला पुरतील, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात शेवटचा हुरडा भाजला होता. बाई शेकोटीपाशी बसल्या आणि दाढेखाली एकेक दाणा धरून सावकाश खाल्ला. सगळ्यांचं उरकलं तरी त्यांचं चालूच होतं. टाकून मात्र काही दिलं नाही.

आता रांग परत लागते, फक्त पद्धत बदलली आहे. पहिलं तोंड त्यांचं. त्या ओट्यावर बसतात, मी अंगठा फिरवते, सासरे आणि शिवहार मागं उभे राहून बघतात. माझं तपासून झालं की मग त्या उठतात, हात धुतात आणि बाकीच्यांना आ करायला सांगतात. पुनमची मागची दाढ अजूनही त्यांच्या अंगठ्यातून सुटत नाही.

फेब्रुवारीत हिंगोलीहून आलो त्याच संध्याकाळी त्यांनी शिवहारकडून एक खिळा मागून घेतला आणि तो स्वतःच दगडानं ठोकला. पेटीतून ब्रश काढला. काळी आणि पांढरी लोकर आधीच लागलेली होती, नाडा त्यांना नको होता. मग त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, काठाचा एक दोरा ओढून घेतला, ब्रशला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि ब्रश पाचव्या खिळ्याला अडकवला. सरळ लागला का ते दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि मेंढरं आली म्हणून त्या वाड्याकडं गेल्या.