पाय ठेवायला जागा

जेवणं उरकून निकिता ओटा पुसत होती, तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. हाक नेहमीसारखी नव्हती. घरात कुणी तापाचं माणूस नुकतंच झोपी गेलं असावं, तसा आवाज दाबलेला होता.

“निकिता, हळू ये. आत येऊ नको. दारातच थांब.”

दिवाळी तोंडावर आली होती आणि दोघींमध्ये गेले काही दिवस कामापुरतंच बोलणं होतं. भांडण त्या खोलीवरूनच झालं होतं. सासरे सहादू गेल्यावर देवळ्याजवळच्या गावातलं घर त्यांच्या धाकट्या भावाकडे, नवनाथकडे गेलं आणि भिमाबाई मखमलाबादच्या या रो-हाऊसमध्ये मुलाकडे राहायला आल्या. त्यांच्याबरोबर टेम्पोभर सामान आलं. पितळी भांडी, पत्र्याच्या ट्रंका, कांद्याची बारदानं, गोधडीसाठी बांधून ठेवलेली लुगड्यांची गाठोडी, बाजरीची पोती, सहादूंची पान्यांची, हत्यारांची पेटी. ते सगळं आतल्या खोलीत लागलं आणि मग त्यावर रोजचं साचत गेलं. मिठाईचे खोके, तेलाचे रिकामे डबे, तुटक्या बादल्या. दारापासून पलंगापर्यंत जायला जेमतेम एक पाऊल मावेल एवढी वाट उरली होती. निकितानं दिवाळीच्या आवरासावरीचा विषय काढला, तेव्हा भिमाबाई म्हणाल्या होत्या, “माझ्या सामानाला हात नाय लावायचा. डोळे मिटून सांगीन कुठं काय हाय ते.”

निकिता दारात आली. पलंगावर भिमाबाई भिंतीला पाठ लावून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारी चार वर्षांची तेजल गाढ झोपली होती. भिमाबाईंचा एक हात नातीच्या पोटावर घट्ट होता.

“काय झालं, आई?”

“जनावर हाय. पलंगाखाली.”

निकिताला क्षणभर काही कळलंच नाही. मग तिला आवाज ऐकू आला. कुकरमधून वाफ जात राहावी तसा, लांब आणि जाडसर फुत्कार. तो थांबला. पुन्हा सुरू झाला.

“दिसलं का तुम्हाला?”

“नाय. पाणी प्यायला पाय खाली सोडत व्हते, तेवढ्यात आवाज आला. गावाकडं ऐकलाय मी हा आवाज. घोणस हे.”

निकितानं खोलीभर नजर फिरवली. त्या चिंचोळ्या वाटेखेरीज फरशी कुठे दिसतच नव्हती. गाठोडी, डबे, पोती, आणि त्यांच्यामधल्या काळोख्या फटी. त्यातल्या कुठल्याही फटीत ते असू शकत होतं. ती जिथे उभी होती तिथून हातभर अंतरावरही.

भिमाबाईंच्या गुडघ्यांना वर्षभरापासून जोर नव्हता. आधार दिल्याशिवाय त्यांना पलंगावरून उतरता येत नसे. आणि तेजलची सवय अशी, की जाग आली की डोळे चोळत धपकन खाली उडी मारायची.

“तिला उठू देऊ नका,” निकिता म्हणाली.

“ते का मला कळत नाय?” भिमाबाई तशाच दबक्या आवाजात म्हणाल्या.

निकिताचा नवरा योगेश ओझरच्या कारखान्यात कामावर होता. तिथे फोन बाहेर ठेवावा लागे. निकितानं कॉलनीच्या ग्रुपवर सर्पमित्राचा नंबर शोधला. हर्षाली नावाची मुलगी होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. तिनं आवाजाचं वर्णन ऐकलं आणि लगेच म्हणाली, “ताई, मी सातपूरला आहे, निघते. घोणस आपण होऊन अंगावर येत नाही, पण पाय पडला तर मात्र सोडत नाही. कुणी खाली उतरू नका. काठी आपटू नका. सामान ओढू नका. फक्त लक्ष ठेवा.”

“लक्ष कुठे ठेवू? काही दिसतच नाहीये.”

“इतकं सामान आहे?” हर्षालीनं विचारलं.

“लवकर या,” निकिता म्हणाली.

फोनवरचं बोलणं ऐकून शेजारच्या उज्वलाताई आल्या, त्याही हातात बांबू घेऊन. “सरक बाजूला. दोन फटके टाकले की येईल बाहेर.”

“ताई, नको. बाहेर आलं तर कुठे जाईल, सांगा. पलंगावर चढलं तर?”

उज्वलाताईंनी आत पाहिलं. झोपलेली पोर पाहिली. बांबू हळूच भिंतीला टेकवला आणि त्या दारात निकिताच्या जागी उभ्या राहिल्या. निकितानं योगेशचे गमबूट पायात चढवले. घराच्या मागे मोकळा प्लॉट होता. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत माजलं होतं, आणि त्यापलीकडे द्राक्षांचे मळे. पलंग खिडकीला लागून होता. खिडकीशी पोचायचं तर त्याच गवतातून जावं लागणार होतं. ती एकेक पाऊल आपटत, प्रत्येक वेळी खाली पाहत गेली आणि गजांतून हात आत घातला. गजांमधून मूल काढता येण्यासारखं नव्हतं, पण तिचा हात तेजलच्या दंडापर्यंत पोचला.

भिमाबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. “गवतातून कशाला आलीस?”

“तुम्ही एकट्या किती वेळ धरणार तिला?”

फुत्कार आता थांबला होता. ते जास्त वाईट होतं. आवाज होता तोवर ते तिथे आहे एवढं तरी कळत होतं. उज्वलाताई दारातून खुणेनं विचारत होत्या, गेलं का? कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात तेजल हलली. तिनं डोळे उघडले, आजीकडे पाहिलं आणि सवयीनं पलंगाच्या कडेकडे वळली.

“शू लागली,” ती म्हणाली.

निकितानं तिचा दंड पकडला. अनपेक्षित हात लागल्यामुळे पोर दचकली आणि रडायला लागली, पाय झाडायला लागली. पलंग करकरला. खालून पुन्हा तो आवाज आला, या वेळी मोठा. भिमाबाईंनी तिला मांडीत ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी कवळलं.

“हितंच कर,” त्या म्हणाल्या.

“गादीवर?”

“कर. कोण रागवत नाय. आज्जी सांगती ना.”

तेजलनं भीतभीत आईकडे पाहिलं. निकितानं मान हलवली. आजीच्या मांडीत बसून पोरीनं गादी ओली केली, आजीचं लुगडंही भिजवलं, आणि एवढं करूनही कुणी रागावलं नाही म्हणून ती रडायचीच थांबली.

हर्षाली आली तेव्हा निकिताचा खांदा गजात अडकून बधिर झाला होता. हर्षालीकडे लांब आकडा होता आणि एका टोकाला कापडी पिशवी बांधलेला प्लास्टिकचा पाईप. दारात उभं राहून तिनं टॉर्च फिरवला आणि खिडकीकडे पाहत म्हणाली, “मला आत पाय ठेवायला जागा हवी. दारापासून एकेक वस्तू काढू. मी आकड्यानं ओढते, तुम्ही मागच्या मागे अंगणात न्या. आकड्यानं ओढून झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.”

निकिता पुढच्या बाजूला आली. गाठोडं निघालं, आकड्यानं उलटंपालटं झालं, मग तिच्या हातात आलं. डबा निघाला. बादली निघाली. प्रत्येक वस्तू हलताना सगळे श्वास रोखून उभे असत. फरशीचा एक तुकडा दिसला की हर्षाली तेवढंच पाऊल पुढे टाकायची.

“आजी, पलंगाखाली काय काय आहे? मला आधी कळलं तर बरं.”

“उजव्या हाताला पितळी घंगाळ,” भिमाबाई म्हणाल्या. “त्याच्यामागं ट्रंक. ट्रंकेवर खोके.”

“आणि डावीकडे? तुमच्या पायांच्या बाजूला?”

भिमाबाईंनी पायांकडे पाहिलं. त्यांची नजर खोलीत भिरभिरली, मग निकितावर येऊन थांबली.

“मला नाय आठवत,” त्या म्हणाल्या. “पोरी, खरंच नाय आठवत मला.”

हर्षाली गुडघ्यावर बसली. टॉर्चच्या उजेडात घड्या घातलेली जुनी बारदानं दिसली. करड्या रंगाची, धुळीनं डाग पडलेली. ती बराच वेळ तिथेच पाहत राहिली. मग निकितालाही दिसलं. वरच्या घडीवरचा एक भाग हळूच वर-खाली होत होता. श्वास घेत होता.

बरोबर तिथे भिमाबाई रोज पाय सोडायच्या.

“कुणी हलू नका,” हर्षाली कुजबुजली. तिनं पाईपचं तोंड बारदानाजवळ टेकवलं आणि आकड्यानं घडी किंचित उचलली. काय झालं ते निकिताला नीट दिसलंच नाही. आकड्यावर टक्कन काहीतरी आदळलं, उज्वलाताई ओरडल्या, बारदान उडालं, आणि एक जाड, साखळीसारखे ठिपके असलेलं अंग वळवळत पाईपच्या काळोखात शिरलं. हर्षालीनं पिशवीचं तोंड पिळून गाठ मारली. मग तिनं आकड्यानं उरलेली बारदानं उलगडली.

बारदानाच्या घडीत उंदराचं घरटं होतं. कुरतडलेल्या लुगड्याच्या चिंध्या आणि बाजरीचा कोंडा.

“बाजरीसाठी उंदीर आले, उंदरांसाठी ही आली,” हर्षाली म्हणाली. “ताई, जमिनीलगत काही ठेवू नका. खालून झाडू फिरला पाहिजे.”

निकितानं तेजलला उचलून बाहेर नेलं आणि परत येऊन सासूबाईंना हात दिला. भिमाबाईंनी हात धरला, पण पाय खाली टेकवायला त्यांना फार वेळ लागला.

संध्याकाळी योगेश आला. सगळं ऐकून तो आधी पांढराफटक पडला, मग भडकला. “उद्याच्या उद्या भंगारवाल्याला बोलावतो. आई, एक वस्तू ठेवायची नाही.”

भिमाबाई हॉलमध्ये खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या. “ने बाबा सगळं,” एवढंच म्हणाल्या.

“कुणाला बोलवायचं नाही,” निकिता म्हणाली. “आई घाबरल्यात. घाबरलेल्या माणसाकडून हो म्हणवून घ्यायचं नाही.”

“तूच तर इतके दिवस...”

“मी आवरा म्हणत होते. फेका म्हणत नव्हते.”

भिमाबाईंनी मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निकितानं अंगणात चादरी अंथरल्या. एक ठेवायच्या वस्तूंची, एक देऊन टाकायच्या वस्तूंची, एक घंटागाडीची. भिमाबाई खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक वस्तू निकिता उचलायची, चादर त्या सांगायच्या. सुरुवातीला सगळं पहिल्याच चादरीवर जात होतं. दुपारी ती चादर दिसेनाशी झाली, तेव्हा भिमाबाई स्वतःच म्हणाल्या, “हे असं नाय जमायचं. परत घे सगळं.” दुसऱ्या खेपेला मिठाईचे खोके, तुटक्या बादल्या, कुरतडलेली बारदानं गेली. सहादूंच्या पान्यांच्या पेटीला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, आणि निकितानं विचारलंही नाही.

नवीन कपाट आणलं नाही. मळ्यातून द्राक्षांचे वापरलेले प्लास्टिकचे क्रेट स्वस्तात मिळाले. ते धुऊन, आडवे रचून, एकमेकांना तारेनं बांधले आणि विटांवर उभे केले. भिंतभर मांडणी झाली. पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या तर भिमाबाईंना चढायला उंच होईल, म्हणून तो तसाच ठेवला आणि त्याखालची जागा कायमची रिकामी ठेवायची ठरलं. बाजरी घट्ट झाकणाच्या तेलाच्या डब्यांत गेली. भिमाबाईंना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक डब्यावर आतला दाणा चिकटपट्टीखाली लावला. जुन्या लुगड्याला कप्पे शिवून उज्वलाताईंनी ते दारामागे टांगलं. त्यात औषधं, चष्मा, सुईदोरा, चार्जर. गाठोड्यांना आतल्या कापडाचीच चिंधी बाहेर बांधली.

तरीही भिमाबाई त्या खोलीत झोपायला तयार होईनात. हॉलमध्ये दिवाणावर झोपायच्या, मध्येच उठून बसायच्या. निकिता रोज सकाळी त्यांच्यासमोर पलंगाखालून झाडू फिरवायची. एके दिवशी त्यांनी तिच्या हातातून झाडू घेतला, वाकवेना म्हणून स्टुलावर बसल्या, आणि स्वतः फिरवला. त्या दुपारी त्या पलंगावर आडव्या झाल्या.

भाऊबीजेच्या सुमारास देवळ्याहून नवनाथ आला. पिकअपमध्ये एक बारदान भरून सामान होतं. तो भिमाबाईंना म्हणाला, “वहिनी, पोटमाळा मोकळा केला. हे तुमचंच राहिलेलं.”

योगेश काही बोलणार, तेवढ्यात निकितानं त्याला डोळ्यांनी थांबवलं. भिमाबाईंनी बारदान अंगणातच उघडायला लावलं. जुना कंदील, फुटक्या कडांची परात, दोन घोंगड्या, लाकडी पळ्या. त्या एकेक वस्तू हातात घेत होत्या, उलटसुलट करून पाहत होत्या, खाली ठेवत होत्या. नवनाथ घोंगड्या उचलून दाराकडे निघाला.

“थांबा भाऊजी. तिथं टेकवू नका,” भिमाबाई म्हणाल्या.

त्यांनी सामानावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग एक पळी काढून घेतली, लांब दांड्याची, टोकाला जळून काळी झालेली.

“एवढी ठेवते. घोंगड्या तुमच्या गड्याला द्या, थंडी येतीये. बाकीचं तुम्ही बघा.”

“पण वहिनी, हे सगळं तुमचं...”

“माझंच हाय,” भिमाबाई म्हणाल्या आणि पळी निकिताकडे दिली. “क्रेटात जागा हाय का गं हिला?”

निकिता आत गेली, मांडणीपाशी उभी राहिली आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आहे, आई. होईल.”