काडीमोडाची साक्ष

समन्स आल्यापासून कडूबाईच्या विड्या सैल पडू लागल्या. विडी कारखान्यातला मुकादम त्या बाजूला टाकी, ती पुन्हा वळायला घेई. नगरात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पाट लावलेला दुसरा नवरा माधव छावणीत माळीकाम करायचा, संसार बरा चालला होता. पण पहिल्या नवऱ्याची, रंगनाथची, दुसरी बायको पळून गेली, तसा तो कडूबाईवर उलटला. आपण जिवंत असताना हिनं दुसरा घरोबा केला, अशी फिर्याद त्यानं ठोकली.

"पंचांपुढं काडी मोडलीय, साहेब," ती शामकांत वकिलांना म्हणाली.

"रूढी कोर्ट मानतं, बाई. पण ती पाळली गेली हे सांगायला कुणीतरी पिंजऱ्यात उभं राहिलं पाहिजे."

तिघा पंचांतले दोघे वारले होते. उरलेल्या काकासाहेबांना भेटायला ती माधवबरोबर देवळालीला गेली. म्हाताऱ्यानं पाणी दिलं आणि मान हलवली.

"निवाडा आमी दिला, त्यो खराच हाय. पर पंचच सरकारच्या दारात शपथ घ्यायला लागला, तर उद्या जात कुनाचं ऐकंल?"

"मग मी तुरुंगात जाऊ?"

काकासाहेब रिकामा तांब्या उचलून आत गेले.

परतीच्या वाटेवर माधवनं हळूच विचारलं, "काडी खरंच मोडली हुती ना?"

कडूबाई झपाझप पुढं निघाली. त्यानंतर घरात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

तारखेला रंगनाथनं साक्षीला आपली विधवा बहीण छबूबाई आणली. भावाच्या तुकड्यावर जगणारी बाई. ती काय बोलणार हे ठरलेलंच होतं.

"काडीमोड झाला होता का?" शामकांतांनी विचारलं.

छबूबाईनं भावाकडे पाहिलं, मग खाली. "व्हय. मी तितंच हुते. दोघांनी धरून मोडली. दादा म्हनला, आता तू मोकळी."

रंगनाथ बाकावरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

फिर्याद निकाली निघाली. कडूबाई सुटली. बाहेर आली तर रंगनाथ एकटाच तरातरा निघून गेला होता आणि छबूबाई फाटकापाशी गाठोडं घेऊन उभी होती.

"आता कुठं जानार?" कडूबाईनं विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"घरी चल."

"कोन म्हनून येऊ? आपलं नातं तर पंचांनीच तोडलं."

काय म्हणायचं ते कुठल्या पंचानं सांगितलं नव्हतं आणि कोर्टानंही नाही. कडूबाईनं नुसता छबूबाईचा हात धरला. माधवनं पुढं होऊन गाठोडं उचललं. कडूबाई अजून त्याच्याशी मोकळेपणानं बोलली नव्हती. तिघं चालू लागली.