तळाशी मांडी घालून

पोहायला शिकवणारा माणूस स्वतःच बुडत असेल तर त्याच्याकडे कोण कशाला जाईल? पण बाबांकडे रांग लागायची. अंगावर चरबी नावाला नाही, हाडं दणकट, मांड्या घट्ट. हातपाय थांबवले की गडी सरळ तळाला. पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना ‘नांगर’ म्हणायचे, जहाजाचा असतो तो. राग येणं राहिलं बाजूला, बाबा त्यावर मिशीत हसायचे.

नव्या मंडळींचा पहिला धडा ठरलेला. बाबा उथळ बाजूला उतरायचे, छातीतली सगळी हवा सोडायचे आणि तळाशी जाऊन चक्क मांडी घालून बसायचे. वर येऊन म्हणायचे, "बघितलंत? हाडं आणि स्नायू पाण्यापेक्षा जड. चरबी हलकी, आणि छातीतली हवा तर त्याहून हलकी. माझ्याकडे जड माल जास्त, म्हणून मी खाली. तुमच्याकडे हलका माल भरपूर दिसतोय! छाती भरून घ्या, अंग सैल सोडा, पाणी उचलेल तुम्हाला." जाडजूड मंडळी खो खो हसायची आणि हसता हसता भीती विसरून पाण्यात उतरायची.

मग आजारपण आलं आणि बाबा कितीतरी महिने अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा पोट सुटलं होतं आणि पायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, स्नायू झिजतायत, हाडं विरळ होतायत, आणि हे थांबवणारं औषध नाही. लेकीनं ते पोटात ठेवलं. इकडे बाबांनी आपली परीक्षा आपणच ठरवून टाकली होती. "तळाशी बसता आलं की मी बरा झालो. मग पुन्हा शिकवायला उभा!" हट्टी माणूस, कोण समजावणार?

त्या सकाळी लेक त्यांना हाताला धरून तलावावर घेऊन आली. तिथं आता शिकवणारी बाई बाबांच्याच हाताखाली तयार झालेली. नवी तुकडी काठावर पाय सोडून बसली होती.

"सर, आज पहिला धडा तुम्हीच द्या ना," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण लेकीनं बाबांचा हात सोडला नाही.

लेक त्यांच्यासोबत पाण्यात उतरली. बाबांनी हवा सोडली, गुडघे वाकवले आणि बुचासारखे वर आले. काठावर हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. बाबाही हसले. "हवा राहिली असेल," असं म्हणून त्यांनी पुन्हा सोडली, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. पुन्हा वर. तिसऱ्यांदा ठसका लागला.

"बाबा, पुरे आता."

बाबा पाण्याखाली स्वतःची मांडी चाचपून बघत राहिले. जन्मभर हेच गणित त्यांनी लोकांना समजावलं होतं. त्यांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग ते हळूच म्हणाले, "माझ्या खांद्यांवर हात ठेव. दाब जरा."

"नको ना, बाबा."

"दाब गं. लोक थांबलेत."

तिनं दाबलं. फार जोर लावावा लागला नाही, हाताखाली खांद्यांची नुसती हाडं लागली, आणि त्याचीच तिला भीती वाटली. बाबा खाली गेले, एक पाय हातानं ओढून मांडी घातली, तळाशी बसून वर तिच्याकडे बघत राहिले. काठावर टाळ्या पडल्या. लेकीला रडू फुटलं. तिनं हात काढले आणि बाबा वर आले.

"बघितलंत?" त्यांनी तुकडीला सवयीनं विचारलं. "माझ्याकडे..." आणि ते थांबले. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. शिकवणारी बाईही बघत होती. तिला ते वाक्य तोंडपाठ होतं.

बाबा लेकीकडे वळले. "डॉक्टरांनी तुला कधी सांगितलं?"

"बरेच दिवस झाले," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. तिनं त्यांचा दंड धरला, तो तिच्या मुठीत मावला. पाण्याखाली त्यांचे पाय पुन्हा वर यायला लागले होते, आणि बाबा ते तळाला टेकवायची धडपड करत होते.