सकाळचा फळा

मी फळा बोलतोय. आजवर माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं आणि दुसऱ्यांनीच पुसलं. आज थोडं माझं ऐका.

संगमनेरच्या पेठेत पुंजाराम सुताराचं दुकान होतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेल्या सागाच्या फळ्या त्यानं जोडल्या, रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि काळा रंग दिला. "कालिजात चाललास गड्या," असं म्हणत त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला मोठा अभिमान वाटला.

तो फार टिकला नाही. मोठ्या वर्गात मला लावलं आणि मागच्या बाकांवरून कुणाला काही दिसेना. मी लहान पडलो. लवकरच तिथं भिंतभर सिमेंटचा फळा झाला आणि माझी रवानगी लायब्ररीमागच्या ओट्यावर झाली. मोडक्या खुर्च्यांशेजारी मी भिंतीला टेकून उभा असायचो. माझ्या आडोशाला चिमण्यांनी घरटं केलं, तेवढीच सोबत.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये अंबिकाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आल्या. मूळच्या भिंगारच्या, नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या. दुपारी त्या या ओट्यावर येऊन डबा खात. तिथंच एके दिवशी त्यांना मनकर्णा दिसली.

मनकर्णा अकोले तालुक्यातल्या रंगनाथ नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. गावच्या हायस्कुलात पहिली आली म्हणून वडिलांनी हौसेनं तिला संगमनेरला कडूबाई मावशीकडं ठेवलं आणि प्री-डिग्री सायन्सला घातलं. गावाकडं सगळं मराठीत शिकलेली. इथं सगळं इंग्रजीतून. पहिल्याच चाचणीत ती एक विषय सोडून सगळ्यांत नापास झाली होती आणि खुर्च्यांच्या आड तोंड लपवून बसली होती.

नेमकं काय समजत नाही, असं बाईंनी जवळ बसून विचारलं.

"समजत न्हाई असं न्हाई, बाई," मनकर्णा म्हणाली. "मला आयकायलाच येत न्हाई. एक शब्द धरावा, तवर सर कितीतरी पुढं गेलेले असत्यात."

बाईंनी डब्याला झाकण लावलं. मग उठल्या आणि पदरानं माझ्यावरची धूळ झटकू लागल्या. चिमण्या मात्र बिचाऱ्या उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी कोळसा कुटून, त्यात माक्याच्या पाल्याचा रस कालवून मला घासून काढलं. मनकर्णासारख्या मराठीत शिकून आलेल्या पोरांसाठी बाईंची युक्ती साधी होती. दिवसा वर्गात जे शिकवणार, त्यातले अवघड शब्द इतर प्राध्यापकांकडून आदल्या दिवशी विचारून आणायचे आणि कॉलेज भरायच्या आधी माझ्यावर लिहून समजावायचे. म्हणजे वर्गात ते शब्द कानावर आले, की जत्रेत गावचं माणूस दिसावं तसं पोरांना होईल.

पण पोरं येईनात. कॉलेजात या वर्गाला 'ढ लोकांची शाळा' म्हणू लागले होते. जे चार-पाच जण येत, ते ओट्याच्या कडेनं बिचकत चढत. त्यांत भंडारदऱ्याकडचा सहादेव होता. तो सगळ्यांना हसवायचा, स्वतःच्या मार्कांवरही विनोद करायचा. बाईंनी "कळलं?" म्हणून विचारलं की साऱ्या माना एकदम हलायच्या. बाकांना माणसांच्या पाठी दिसतात, फळ्याला तोंडं दिसतात. त्या तोंडांवर काही कळल्याची खूण नसे. मनकर्णा तर सर्वांत मागं बसे आणि अवाक्षर काढत नसे.

दिवाळीला ती गावी गेली आणि परत आली. पाठोपाठ एका सकाळी पहिल्या एस.टी.नं तिचे वडील आले. तिला घेऊन जायला आले होते. तिची वळकटी त्यांनी मावशीकडून बांधूनच आणली होती. बाईंना भेटून निघायचं, म्हणून ते ओट्याच्या पायरीवर टेकले.

बाईंना त्या दिवशी ताप आला होता. प्रयोगशाळेच्या शिपायाबरोबर त्यांनी शब्द तेवढे पाठवले होते. त्यानं ते माझ्यावर उतरवले आणि तो निघून गेला. पोरं उभीच होती. त्याच आठवड्यात परीक्षा होती. सहादेवनं पहिला शब्द मोठ्यानं वाचला, 'ऑस्मॉसिस', आणि म्हणाला, हे काय एखाद्या औषधाचं नाव आहे का? सगळे हसले. पण हसता हसता त्याचा आवाज कापला, तो मी ऐकला. बहुधा मनकर्णानंही ऐकला.

ती उठली. वडिलांकडं पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन तिनं खडू उचलला आणि त्या शब्दाखाली मराठीत लिहिलं, 'परासरण'.

"आरं, हे तर आपुन शाळेत शिकलोय," ती म्हणाली. "मनुका पान्यात टाकल्या की फुगत्यात, तेच हे. नाव तेवढं निराळं हाय."

सहादेव पुढं सरकला. मग लोणच्यातल्या कैरीच्या फोडी का आक्रसतात, असं त्यानं विचारलं. आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता. मनकर्णानं मिठाचं सांगितलं, चित्र काढलं. दुसऱ्या कुणी पुढचा शब्द विचारला. एकाला येत नव्हतं ते दुसऱ्याला येत होतं. खडूचा चुरा माझ्या कडेला साचत होता. कॉलेजची घंटा झाली तेव्हा सगळे दचकले.

बाई अंगात ताप असूनही शाल पांघरून उशिरा आल्या होत्या आणि लायब्ररीच्या दारात थांबल्या होत्या. रंगनाथ उठून त्यांच्यापुढं गेले. पोरीला न्यायला आलो होतो, असं त्यांनी सांगितलं.

"दिवाळीत घरी आली तर धड बोलंना, जेवंना. म्हनलं, नको हे शिक्षान. माजी पोर मला परत पायजे." मग तिच्याकडं बघून ते म्हणाले, "आज तिचा आवाज आयकला. ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

वळकटी त्यांनी माझ्याशेजारी टेकवली आणि ते मोकळ्या हातांनी स्टँडकडं गेले.

त्यानंतर ओटा पुरेना. 'ढ लोकांची शाळा' हे नाव मागं पडलं आणि पोरं 'सकाळच्या फळ्यावर जातो' असं म्हणू लागली. मनकर्णा त्या वर्षी सेकंड क्लासमध्ये पास झाली.

सहादेव राहिला. एका विषयानं राहिला, आणि पुढं दुष्काळ आला. त्याच्या घरचे सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. दाखला न्यायला तो एकदा आला, तेव्हा ओट्यावर कुणीच नव्हतं. माझ्यावर आदल्या दिवशीचं काहीतरी अर्धवट लिहिलेलं होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मला स्वच्छ पुसलं. मग टोपी झटकून घातली आणि गेला. सकाळच्या फळ्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले, पण सहादेवचं नाव कुणी घेत नाही. म्हणून मी घेतो.

पुढच्या जूनपासून नव्या पोरांना मनकर्णा आणि तिच्या वर्गातली मुलं शिकवू लागली. बाई लग्न होऊन नाशिकला गेल्या, तरी काही वर्षं ते चाललं. मग नवी इमारत झाली, ओटा पाडला, वेळापत्रक बदललं. सकाळचा फळा कुणी बंद केला नाही. तो आपोआप बंद पडला.

आता मी वसतिगृहाच्या खानावळीत दोन पिंपांवर आडवा पडलोय. गोजरबाई माझ्यावर कांदा चिरते, पीठ मळते. तक्रार नाही, पोरांच्या पोटासाठीच आहे ते. जूनमध्ये नवी पोरं येतात. एखादं ताटापुढं मान खाली घालून एकटंच बसलेलं असतं, भाकरी मोडतं आणि खात नाही. तेव्हा माझा जीव तुटतो.

मी लाकूड. मला उठून त्याच्याजवळ जाता येत नाही. तुम्हाला येतं. जा, बसा त्याच्याशेजारी.