बिनआवाजाचं बेअरिंग

"काका, ऐकलंत?" टेस्टिंगवालीनं विचारलं.

काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं होतं आणि मूठ उजव्या कानाला लावली होती. मोटार पूर्ण वेगात होती. आत फिरणाऱ्या शाफ्टखाली तेलाचा पातळ थर नीट बसला, की धातूला धातू लागत नाही आणि बेअरिंग गप्प होतं. त्या गप्पपणापायी काकांनी उभा जन्म ड्रॉइंगबोर्डावर वाकून काढला होता. आणि आज आत अगदी चिडीचूप!

"ऐकलं," ते म्हणाले. "म्हणजे काहीच नाही ऐकलं. झकास!"

निवृत्तीनंतरही कंपनीनं त्यांना ठेवून घेतलं होतं, ते काही त्यांच्या रेघा सुबक म्हणून नव्हे. रेघा काय, कॉम्प्युटरही मारतो. ठेवलं होतं ते कानासाठी. काकांचा कान हो म्हणाला, की साहेब डोळे झाकून सही करत. आज हो मिळालं, तर उद्यापासून हे बेअरिंग पंपाच्या प्रत्येक मोटारीत बसणार होतं. तेल सगळीकडे पोचावं म्हणून काकांनी आतली खाच रुंद केली होती, आणि त्या मेल्या खाचेनं त्यांची झोप उडवली होती. आता घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच इच्छा उरली होती. घरी तरी कुठली शांतता म्हणा; बायको हल्ली तोंड उघडलं की ओरडायचीच.

टेस्टिंगवालीनं स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच्या कानाला लावला. तिचा चेहरा उतरला. तिनं काकांकडे पाहिलं, मग उगाचच जमिनीकडे.

"काय गं?"

"काही नाही, काका. ठीक आहे. साहेबांना कळवू?"

पोरीला खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत घेतला आणि जन्माची सवय मोडून डाव्या कानाला लावला.

खरखर. घासात खडा यावा तशी बारीक, पण सारखी. शांतता बेअरिंगमध्ये नव्हती, ती त्यांच्या उजव्या कानात होती.

हो म्हणायला कुणी अडवत नव्हतं. पोरगी तोंडातून ब्र काढणार नव्हती. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बंद कर," ते म्हणाले. "खोल."

आत खाचेच्या कडेला ताजे ओरखडे होते. कड धारदार राहिली होती आणि शाफ्टवरचं तेल निपटून काढत होती. कड गोल करा, असं काकांना ड्रॉइंगवर कधी लिहावंच लागलं नव्हतं. लेथवरचा जुना टर्नर न सांगता कानस फिरवायचा. तो गेला, मशीन आलं, आणि मशीन सांगितलं तेवढंच करतं.

"कडच तर गोल करायचीय, काका. कानाचं मी कुणाला बोलणार नाही."

"कड होईल गं. कानाचं मीच सांगतो. यापुढे तू ऐकायचंस."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. ते रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

"आज लवकर?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

काका चपला काढून आत गेले. "तू ओरडतेस, ते मला ऐकू येत नाही म्हणून होय?"

"मग काय, हौस आहे मला?"

"कधीपासून?"

"धाकटी बाळंतपणाला आली होती ना, तेव्हापासून. बाळ रात्र रात्र रडायचं, तुम्ही डाव्या कुशीवर गाढ, आणि सकाळी तुम्ही म्हणायचात, काय शहाणं बाळ आहे, हूं नाही की चूं नाही."

"मग तेव्हाच सांगायचंस की."

"इतक्या कौतुकानं सगळ्यांना सांगत होतात. जिवावर आलं माझ्या."

काकांना आधी हसू आलं आणि मग भरून आलं. नातू आता शाळेत जात होता. त्याचं रात्रीचं रडणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी खुर्ची उचलून तिच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि डावा कान तिच्याकडे करून बसले.

"बोल," ते म्हणाले. "हळू बोल."