उसनी पावलं

“डाव्या हातात, मावशी. आणि जरा घट्ट बांधा,” भाऊसाहेब म्हणाले.

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, सेवापुस्तकांच्या लोखंडी कपाटाआड, आस्थापना शाखेचे हेडक्लार्क आपल्या मनगटावरचं काळं घड्याळ सोडून शिपाईबाईंच्या हातात देत होते. मावशींनी पट्टा आवळला, त्यावर गणवेशाची बाही ओढून घेतली आणि हसल्या.

“आज टपाल ढीगभर आहे, साहेब. तुमची दहा हजार होतील बघा.”

“हळू बोला,” म्हणत भाऊसाहेब खुर्चीत जाऊन बसले, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत.

हे घड्याळ त्यांच्या मुलीनं दिलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती, आणि गेल्या वर्षी तपासणीत साखर निघाल्यापासून बाप एकटा काय खातो, कधी झोपतो या विचारानं तिला चैन नव्हतं. घड्याळ पावलं मोजायचं, हृदयाचे ठोके मोजायचं. ते भाऊसाहेबांच्या फोनला कळवायचं आणि तो फोन मुलीच्या फोनला. संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. “बाबा, रोज आठ हजार. बाकी मी काही मागत नाही तुमच्याकडे,” असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

पहिला आठवडा भाऊसाहेब खरोखर चालले. कॉलनीच्या बागेला तीन फेऱ्या मारल्या की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, आणि आकडा बघावा तर एकोणीसशे. मुलगी रागावायची नाही, हेच अवघड होतं. “असू दे बाबा, उद्या करू या,” म्हणायची, आणि तिच्या आवाजात आईचा आवाज यायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका सकाळी मावशींना फायलींचा गठ्ठा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना पाहिलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. मोठ्या साहेबांची केबिन वर, टपाल खाली, रेकॉर्ड मध्ये. मावशी दिवसाला पंचवीस-तीस फेऱ्या मारायच्या. बावीस वर्षं मारत होत्या.

घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधायचं, सुरुवातीला ती गंमतच होती. मावशींनाही घड्याळाची हौस वाटली. मनगट वळवलं की आकडे उजळतात, याचं त्यांना भारी कौतुक. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. नऊ हजार दोनशे. “बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी केलंत ना?” तिनं विचारलं. भाऊसाहेब हो म्हणाले. आपण एवढ्या सहज हो म्हणालो, याचं त्यांना रात्री जेवताना थोडं नवल वाटलं. मग सवय झाली.

दोन महिन्यांत गोष्ट हाताबाहेर गेली. मुलीनं सासरी सांगितलं, व्याह्यांचा अभिनंदनाचा फोन आला. भाऊसाहेबांनी स्वतःच फुशारकीनं शेजारच्या टेबलावर आकडे दाखवले होते, ते कानोकानी साहेबांपर्यंत गेले. एका गुरुवारी कार्यालयात आरोग्यावर कार्यक्रम ठरला. साहेबांनी बोलावून सांगितलं, “बाहेरचा डॉक्टर कशाला आणायचा? आपल्यातलाच माणूस बोलला तर लोक ऐकतील. तुम्ही चार शब्द बोला.”

भाऊसाहेबांनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. दुपारी चार वाजता सभागृहात चाळीस माणसांसमोर उभं राहून ते वीस मिनिटं बोलले. मनाचा निग्रह, पहाटेची हवा, पहिलं पाऊल कसं जड असतं, सगळं बोलले. बोलता बोलता ते स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं. त्याच वेळी मावशी चहाचा ट्रे घेऊन रांगेरांगेतून फिरत होत्या. बाहीखाली घड्याळ होतं. मागच्या रांगेशी त्या थांबल्या, ट्रे खिडकीच्या कठड्यावर टेकवला आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांना ते दिसलं. त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. शेवटी टाळ्या झाल्या, त्यात मावशींनीही वाजवल्या.

घड्याळ परत देताना मावशी म्हणाल्या, “आज हे मनगटावर दोनदा गुरगुरलं, साहेब. आणि मला जरा धडधडल्यासारखं झालं. चहा चढवताना असेल.”

“वेळ झाली की गुरगुरतं ते,” भाऊसाहेबांनी सांगितलं.

सातला मुलीचा फोन आला. “चार वाजता तुम्ही काय करत होतात? ठोके दीडशेच्या वर गेलेत. आणि ते बेताल पडतायत असं दाखवतंय.” भाऊसाहेबांनी भाषणाचं सांगितलं. सभेपुढे उभं राहायची सवय नाही, छाती धडधडली असेल, म्हणाले. वेळ मारून नेली. पण शुक्रवारी पुन्हा तेच झालं, आणि शनिवारी सकाळी मुलगी पहिल्या गाडीनं दारात येऊन उभी राहिली. तिनं त्यांना रजा टाकायला लावली आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. ठोके घड्याळासारखे नेमके. रक्त तपासलं तर साखर मात्र पूर्वीपेक्षा वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “रोज नऊ-दहा हजार पावलं चालता, म्हणता?” भाऊसाहेबांनी मान हलवली, गोड खाण्यावर ताबा राहत नाही असं काहीसं पुटपुटले. मुलगी शेजारी बसली होती. तिनं त्यांचा हात हातात धरला होता, आणि तो हात त्यांना आपला वाटत नव्हता.

खरं सांगायची वेळ तीच होती. ते जिना उतरताना सांगणार होते, मग रिक्षात, मग जेवल्यावर. रविवारी दुपारी मुलगी परत जायला निघाली, तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते. ती म्हणाली, “दोन रात्री मला झोप नव्हती, बाबा. आई गेली तसे तुम्हीही…” तिनं वाक्य सोडून दिलं, आणि भाऊसाहेबांनी तिची बॅग उचलली.

त्या रात्री त्यांनी फोन काढून ते ठोके पाहिले. लाल रेघ वर गेली होती, खाली आली होती, मध्ये तुटली होती. ते ठोके कुणाचे आहेत हे जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. मावशींना सांगावं, तर सगळंच बाहेर येणार. त्या डॉक्टरांकडे जाणार, डॉक्टर विचारणार, कुणीतरी मुलीला सांगणार, साहेबांना कळणार. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी त्यांच्या दृष्टीनं सोपा मार्ग काढला. मावशी कपाटाआड हात पुढे करून उभ्या राहिल्या, तेव्हा ते म्हणाले, “नको आता. बिघडलंय ते.”

मावशींचा चेहरा उतरला. “असं कसं बिघडलं?” त्यांनी विचारलं. भाऊसाहेब फाईल चाळत राहिले.

त्यानंतर फोनवर फक्त त्यांचेच ठोके जाऊ लागले, संथ आणि नियमित. पावलं दोन हजारांवर आली. मुलगी म्हणाली, “बरंच झालं, थोडे दिवस विश्रांतीच घ्या.” भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात त्यांनी मावशींना जिन्याच्या वळणावर दोनदा थांबलेलं पाहिलं आणि दोन्ही वेळा मान खाली घातली.

पुढच्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, वरून फायली पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावर मावशी कठड्याला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. भाऊसाहेब ते जिने कसे चढले, त्यांना आठवत नाही. गाडी आली तेव्हा मावशींबरोबर तेच बसले. मावशींचे मालक टेलरिंगचं काम करायचे, त्यांना निरोप गेला होता, पण यायला वेळ होता.

दवाखान्यात नर्सनं त्यांच्या हातात फॉर्म दिला. भाऊसाहेबांनी पेन काढलं. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, घरची माणसं, कुणालाही न विचारता त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. मावशींचं सेवापुस्तक गेली बावीस वर्षं त्यांच्याच हातून भरलं गेलं होतं. पुढचा रकाना होता, त्रास केव्हापासून आहे. तिथे पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, अकरा दिवसांपासून.

नर्सनं वाचलं. “अकरा दिवस? मग इतके दिवस आणलं का नाही?”

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

थोड्या वेळानं तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की ठोके मधूनमधून बेताल पडत असले तर हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. तसंच झालं असावं, पण या क्षणी पट्टीवर ठोके सरळ दिसत होते. “आधीची एखादी पट्टी, काही नोंद असेल तर फार मदत होईल,” त्या म्हणाल्या.

नोंद होती. भाऊसाहेबांच्या फोनवर गेल्या आठवड्याच्या मागचं काही उघडत नव्हतं. सगळं मुलीकडे होतं. ते व्हरांड्यात गेले. औषधांच्या दुकानापुढे रांग होती, तिच्याकडे पाठ करून त्यांनी फोन लावला.

“बाबा? या वेळेला? बरे आहात ना?”

“मी बरा आहे. ते ठोके आहेत ना तुझ्याकडे, त्या गुरुवार-शुक्रवारचे, ते डॉक्टरांना पाठव.”

“म्हणजे पुन्हा काही झालं?”

“ते माझे नाहीत.”

भाऊसाहेबांनी सांगून टाकलं. मावशी, कपाट, पावलं, बिघडलेलं घड्याळ. दोन महिने जे पोटात ठेवलं होतं ते सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“शनिवारी मी तुमचा हात धरून बसले होते,” मुलगी सावकाश म्हणाली. “तेव्हा त्या काय करत होत्या?”

“ऑफिसात होत्या. फायली नेत होत्या.”

ती रडेल, ओरडेल असं त्यांना वाटत होतं. तसं झालं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, “डॉक्टरांचा नंबर द्या,” आणि नंबर घेऊन तिनं फोन ठेवला. पाच मिनिटांत डॉक्टरीणबाईंकडे सगळ्या नोंदी आल्या. त्यावरून औषध ठरलं. वेळेत मिळालं, असं त्या नंतर मावशींच्या मालकांना म्हणाल्या. भाऊसाहेब तेव्हा मागे उभे होते.

मावशी वाचल्या. तोंडाचा वाकडेपणा पंधरा दिवसांत गेला, बोलणं थोडं जड राहिलं, डाव्या हाताला मात्र पकड आली नाही. भाऊसाहेबांनी केबिनमध्ये जाऊन साहेबांना खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या कार्यालयाला माहीत झालं. काही जण हसले. काहींनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. मुलगी अजून फोन करते, साखर विचारते, जेवण विचारते. ठोक्यांचं आणि पावलांचं विचारत नाही.

दीड महिन्यानं, एका रविवारी दुपारी, ते मावशींच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन. मालकांनी खुर्ची पुसून दिली आणि हात जोडले. “तुमचं घड्याळ नसतं तर काय झालं होतं कळलंच नसतं, साहेब. तुमचे उपकार आहेत.” ते चहा करायला आत गेले.

मावशी टेबलाशी बसल्या होत्या. पुढे एका ताटलीत शर्टाची बटणं होती आणि शेजारी रिकामी वाटी. डाव्या हातानं एकेक बटण उचलून वाटीत टाकायचं, असा व्यायाम त्यांना दिला होता.

भाऊसाहेब म्हणाले, “मावशी, मालकांना सगळं माहीत नाही. त्या गुरुवारीच मला कळलं होतं. ठोके तुमचे आहेत हे मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.”

मावशींचा हात थांबला.

“म्हणजे घड्याळ बिघडलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मला वाटलं माझ्याच हातून बिघडलं.” शब्द जड येत होते, म्हणून त्या थांबून थांबून बोलत होत्या. “कपबशा विसळताना पाणी गेलं असेल, असं वाटलं. आठवडाभर घोर लागला होता जिवाला. तुमच्या मुलीनं प्रेमानं दिलेली वस्तू. तुम्हाला विचारायची हिंमत होईना.”

माफी मागायला भाऊसाहेब आले होते, वाटेत वाक्यही जुळवून ठेवलं होतं. ते आता अपुरं वाटलं. आत कपांचा आवाज होत होता.

मावशींनी पुन्हा हात पुढे केला. दोन बोटांत एक पांढरं बटण धरलं, वाटीपर्यंत नेलं, आणि ते निसटून टेबलावरून खाली पडलं, घरंगळत भाऊसाहेबांच्या बुटापाशी आलं. ते चटकन खाली वाकले.

“राहू द्या, साहेब,” मावशी म्हणाल्या. “ते मलाच उचलायचंय.”

भाऊसाहेबांनी हात मागे घेतला आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मावशी उजव्या हातानं टेबल धरून हळूहळू जमिनीवर बसल्या आणि डाव्या हाताची बोटं बटणाजवळ नेऊन मिटायचा प्रयत्न करू लागल्या.