गालांवरचं तेज

पाली गावच्या हॉलमध्ये माझी पुतणी तेजल भरलेली कळशी डोक्यावर घेऊन स्टेजला फेरी मारत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. खोटं काही नव्हतं त्यात. कळशीत पाणी होतं, तेजलही खरीच होती. महिन्यापूर्वी हीच पोरगी केस विंचरताना मध्येच फणी ठेवून दम खायची.

तेजलला लुपस आहे. मलाही आहे, तिच्या कितीतरी आधीपासून. या आजारात शरीराचे राखणदार आपल्याच घरावर उठतात. सांधे, मूत्रपिंडं, काही सोडत नाहीत. वर थकवा, झोपून न जाणारा. दुपारी भात रांधायचा असेल तर सकाळी कपडे धुवायचे नाहीत, अशी आमची तडजोड.

"शरीर म्हणजे मोबाईल," ऊर्जाचार्य गुरुप्रसाद सांगत होता. "तुमची बॅटरी गळतेय. माझी पुडी म्हणजे ब्रह्मांडाचा चार्जर."

वरच्या वाडीत याच पुडीला तो अंगारा म्हणायचा. आमची बौद्धवाडी अंगाऱ्याला हात लावणार नाही हे ओळखून त्याने तसबिरी उतरवल्या आणि ग्रहमालेचं चित्र टांगलं. आम्ही असल्या गोष्टींना भुलत नाही, याचा आम्हाला भारी अभिमान. त्याने नेमका तोच पकडला.

"हॉस्पिटलच्या गोळ्या बंद करा. एका मोबाईलला दोन चार्जर लावतं का कोणी?"

तेजलने बंद केल्या होत्या. मूत्रपिंडं सांभाळणाऱ्या गोळ्या.

"गाल बघ गो कसे भरलेत पोरीचे," शेजारची दमयंती म्हणाली. "तेज आलंय."

ते गाल माझ्या ओळखीचे होते. म्हणून तर घरून पिशवीत फोटो घेऊन आले होते. मी उठले. उठायला वेळ लागला.

"या ताई, तुमचीही बॅटरी संपलेली दिसते," आचार्य म्हणाला. लोक हसले. मीही हसले. तेवढं तो खरं बोलला होता.

पहिल्या रांगेत म्हातारे रावजी होते, गुडघ्यांसाठी तेही पुडीवरच. "रावजीभाऊ, भूक वाढली का हो?"

"दगड दिलात तरी खाईन."

"आणि झोप?"

"झोप कसली, वैनी? उजाडायच्या आत गोठा झाडून मोकळा."

"गाल?"

त्यांनी कौतुकाने चेहरा वळवून दाखवला.

"ऊर्जा साठते तिथे," गुरुप्रसाद घाईने म्हणाला.

मी फोटो वर धरला. विनीतच्या, माझ्या भाच्याच्या लग्नातला. त्यात माझं तोंड तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखं. "हे गाल मला हॉस्पिटलात मिळाले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी. तिथे ब्रह्मांड नव्हतं, नुसती रांग होती."

तेजलने कळशी उतरवली. फोटो हातात घेतला आणि हळूच स्वतःचा गाल चाचपला.

"ताईंच्या मनात संशयाचा व्हायरस आहे," आचार्य म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर करुणांनी पुडी तपासायला पाठवली. पाल्याची भुकटी आणि त्यात स्टिरॉइड. "औषध वाईट नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकीला आम्हीच दिलं होतं, पण मोजून, रक्त तपासत. थकवा पळाल्यासारखा वाटतो. असं अंदाजाने घेतलं तर साखर चढते, हाडं पोकळ होतात. आता एकदम सोडलंस तर तेही जिवावर बेतेल. हळूहळू उतरवू."

मग त्यांनी तेजलचा लघवीचा रिपोर्ट वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. गोळ्या बंद होत्या त्या दिवसांत मूत्रपिंडांनी जे गमावलं, ते सगळं परत येणार नव्हतं.

हॉलला कुलूप लागलं. आचार्य घाट चढून गेला म्हणतात. रावजीभाऊ तर माझ्यावरच रुसले. "तुमचं खरं, वैनी. पण आता माझे गुडघे कोण चालवणार?"

तरी सांगते. आत काय आहे ते न सांगता कोणी पुडी दिली, तर घेऊ नका. देणारा देवाचं नाव घेवो की विज्ञानाचं. घेत असाल तर लपवू नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा. आणि चालू गोळ्या कोणाच्या भाषणावर सोडू नका.

परवा तेजल पडवीत बसली होती. "काकी, महिनाभर मी माणूस होते गो."

"होतीस."

"परत होईन?"

गुरुप्रसादने लगेच हो म्हटलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

अंगणात कळशी भरलेली होती, आत न्यायची होती. आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. मग तांब्याने पाणी आत नेऊ लागलो. एकदा ती, एकदा मी, मध्ये बसत.